निळ्या चिठ्ठीचे उंदीर

"माणसाचं मरण समजून घ्यायचं असेल तर आधी उंदराचं मरण समजून घेतलं पाहिजे, अखिल मानवजात आज या लहानशा जीवाकडे डोळे लावून बसली आहे." हे वाक्य १९७७ च्या डिसेंबरात वाटूर फाट्यावर, ताप संशोधन उपकेंद्राच्या उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांनी उच्चारलं. तो लहानसा जीव त्या वेळी औरंगाबादच्या एस.टी. स्टँडवर होता. पुण्याहून निघालेले पांढरे उंदीर कंडक्टरने पिंजऱ्यासकट खाली उतरवले होते. त्यांना सामानात धरायचं की प्रवाशांत, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. त्यामुळे पाहुण्यांनी रिकाम्या पिंजऱ्यांसमोर फीत कापली. फीतही आखूडच होती. आदल्या दिवशी आणून ठेवली, तर तिचं एक टोक गावठी उंदरांनी खाल्लं होतं.

गावाला या सगळ्या प्रकारात एकच गोष्ट कळेना. उंदीर आणायला पुण्याला कामून गेले? एकाने तर उद्घाटनातच उठून सांगितलं की आमच्या घरचे घेऊन जा, वर पोतं बी देतो. मला उठून खुलासा करावा लागला. मी त्या उपकेंद्राचा कारकून. मी म्हणालो, "असे-तसे चालत नाहीत. ज्यांचे आईबाप ठाऊक आहेत, ज्यांना दुसरा कुठलाही रोग नाही, असेच लागतात."

"म्हंजी खानदानी," मागून कुणीतरी म्हणालं, आणि गावाचं समाधान झालं.

अवघड गोष्ट सोपी करून सांगणं ही माझी ख्याती होती. इंग्रजी परिपत्रक असो की साहेबाचा विचार असो, मी त्याची दोन वाक्यं करायचो आणि ती कुणालाही कळायची. लोक म्हणायचे, भाऊसाहेबांनी सांगितलं की म्हशीला बी कळतं. मला त्याचा फार अभिमान होता. पुढे तीच ख्याती माझ्या अंगाशी आली, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

तेव्हा जालना जिल्हा जन्माला यायचा होता. वाटूर परभणीत होतं आणि पंचवीस मैलांवरचं जालना औरंगाबादेत. ताप मात्र दोन्हीकडे सारखाच होता. उत्तरेकडच्या खडकाळ, झुडपी टेकड्यांकडे गेलेला माणूस अंग दुखतंय म्हणत परत यायचा. तिसऱ्या दिवशी डोळे तांबडेलाल. पाचव्या दिवशी हिरड्यांतून रक्त, कातडीखाली मोहरीएवढे लाल ठिपके. पुढचे दिवस मोजायची वेळ सहसा येत नसे. वर्षभरात पाच माणसं गेली. सरकारी दवाखान्याने पाचांच्याही कागदावर 'उष्णता' लिहिलं. त्यातले दोघं जानेवारीतल्या कडाक्याच्या थंडीत गेले होते, पण लिहिताना शाई गोठली नाही.

उपकेंद्राचे प्रमुख डॉक्टर श्रीपती सेलूकर. मूळचे जालन्याचे. घरातली तीन माणसं निजामाच्या कचेरीत उर्दूतून कागद लिहिण्यात म्हातारी झाली. हे शिकून पुण्याला गेले आणि विषाणूंच्या मागे लागले. माणूस सडपातळ, बोलणं कमी. ते उंदरांशी अहो-जाहो करत नसत एवढंच, बाकी वागवत पाहुण्यासारखं. त्यांचं म्हणणं होतं की ही उष्णता नव्हे, हा विषाणू आहे. कर्नाटकच्या जंगलात असाच एक ताप आहे, हा त्याचा कुणीतरी भाऊबंद असावा. पण म्हणून भागत नाही, ते सिद्ध करावं लागतं.

आणि सिद्ध करायचा मार्ग उंदरातून जातो. विषाणू साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसत नाही. आमच्याकडे तर तोही आला नव्हता. म्हणून रोग्याचं रक्त घ्यायचं, त्यातलं वरचं पाणी वेगळं करायचं आणि ते दोन दिवसांच्या उंदराच्या पिलाच्या डोक्यात केसासारख्या सुईने टोचायचं. दोनच दिवसांचं पिल्लू लागतं. आठवड्याचं झालं की ते रोगाला दाद देत नाही. दोन दिवसांचं पिल्लू म्हणजे सोललेल्या ओल्या शेंगदाण्यासारखं असतं, गुलाबी, डोळे मिटलेलं. विषाणू असेल तर पाच-सहा दिवसांत पिलं थरथरतात, दूध सोडतात, मरतात. माणसाला जे बोलता येत नाही ते उंदराने मरून सांगायचं, अशी ती एकूण व्यवस्था.

या पिलांना सांभाळायचं काम तातेरावाकडे होतं. तातेराव वाटूरचाच, बौद्धवाड्यातला, चाळिशीचा. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडलेले त्याचे हात फावड्यासारखे होते, आणि त्याच हातांनी तो अंगठ्याएवढी पिलं अशी उचलायचा की त्यांची झोप मोडत नसे. उंदराच्या मादीला माणसाचा वास आला की ती आपली पिलं खाऊन टाकते. तातेराव आधी हात पिंजऱ्यातल्या भुश्यात घोळवून घ्यायचा, मगच आत घालायचा. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. सहा महिन्यांत त्याच्या हाताखाली एकाही मादीने पिल्लू खाल्लं नाही. पुण्याहून तपासायला आलेल्या एका साहेबाने विचारलं, हे कसं जमलं, तर तातेराव म्हणाला, "आपण त्यायच्या घरात जाऊन राह्यलो ना साहेब. मंग त्यायच्या घरच्यावानी जायाचं."

सकाळी कामावर आला की तो उंदरांच्या कोठीच्या कोपऱ्यातल्या बाबासाहेबांच्या तसबिरीसमोर उभा राहून पंचशील म्हणायचा. पहिलंच शील प्राणिहत्या न करण्याचं. मी एकदा त्याला छेडलं, "तातेराव, आणि इथं तर धंदाच उंदीर मारायचा."

"मारनारे तुमी," तो म्हणाला. "म्या तर जगवून राह्यलो. मेल्यावर म्या हात बी लावत न्हाई. साहेब उचलतेत."

हे खरं होतं. मेलेलं पिल्लू डॉक्टर स्वतः उचलायचे. त्या दोघांत तसं ठरलेलं होतं, कागदावर न आणता.

अठ्ठ्याहत्तरच्या एप्रिलात वसंताला ताप आला. वसंता हा तातेरावाच्या थोरल्या बहिणीचा, गिरिजाबाईचा, एकुलता एक मुलगा. वय बावीस. बौद्धवाड्यातला पहिला मास्तर. टेकडीखालच्या शाळेत लागून आठ महिने झाले होते. पहिल्या महिन्यात त्याने आईला चप्पल घेतली आणि स्वतःला पुस्तकांची पत्र्याची पेटी. गिरिजाबाई ती चप्पल हातात धरून चालायची, झिजू नये म्हणून. आता ती सरकारी दवाखान्याच्या ओट्यावर तीच चप्पल शेजारी ठेवून बसलेली असायची. आत खाटेवर वसंता. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी डोळे बघितले आणि म्हणाले, "उष्णता."

सेलूकर डॉक्टर तिसऱ्याच दिवशी तिथे पोचले. रक्त घेतलं. आदल्या दिवशीच वरून पत्र आलं होतं. त्याचा मी टंकलेखक म्हणून नव्हे, माणूस म्हणून तीनदा वाचून अर्थ लावला: विषाणू प्रयोगाने सिद्ध झाल्यास तज्ज्ञांचं पथक, रक्ताच्या बाटल्या आणि वेगळा वॉर्ड तातडीने पाठवण्यात येईल; सिद्ध न झाल्यास स्थानिक उपचार पुरेसे समजावेत. स्थानिक उपचार म्हणजे सब्जाचं पाणी.

"पथक आलं तर तो वाचेल?" मी डॉक्टरांना विचारलं.

"या तापावर औषध नाही," ते म्हणाले. "पण रक्त चढवत राहिलं, पाणी राखलं, तर दहातले सात-आठ स्वतःच वाचतात. इथे दहातले किती वाचतात ते तुम्हीच टाइप केलंय."

योगायोगाने दोनच दिवसांपूर्वी सहा माद्या व्यायल्या होत्या, प्रत्येकीची आठ पिलं. तीन डब्यांना डॉक्टरांनी तांबडी चिठ्ठी लावली, तीन डब्यांना निळी. तांबड्यांतल्या चोवीस पिलांना वसंताच्या रक्तातलं पाणी टोचलं. निळ्यांतल्या चोवीसांना नुसतं मिठाचं पाणी. तांबडे मरायला हवेत आणि निळे जगायला हवेत. दोन्ही झालं तरच सिद्ध. निळेही मेले, तर अर्थ असा की उन्हाने मेले असतील, सुईने मेले असतील, पिंजऱ्यात आधीच काही रोग असेल; मग तांबड्यांच्या मरणालाही किंमत नाही.

डॉक्टरांनी मला बोलावून सांगितलं, "तातेरावाला समजावून द्या की डबे दोन प्रकारचे आहेत आणि दोन्ही जपायचे आहेत. पण कुठल्या चिठ्ठीत काय आहे ते सांगू नका. रोज पिलांकडे बघणार तो. ज्याला आशा असते त्याला धडधाकट पिल्लूसुद्धा थरथरताना दिसतं. आणि इथे तर त्याचा भाचा आहे."

मी हो म्हणालो. बाहेर पायरीवर तातेराव आणि गिरिजाबाई बसले होते. गिरिजाबाईने माझ्याकडे असं बघितलं की मला ते सगळं, दोन प्रकार, मिठाचं पाणी, जपणं, फार लांबलचक वाटायला लागलं.

"भाऊसाहेब," ती म्हणाली, "आमाला कळंल असं सांगा. पथक कवा येतंय?"

मी माझ्या ख्यातीला जागलो. दोन वाक्यं केली. "वसंताच्या रक्ताची सुई उंदरांच्या पिलांना दिलीय. पिलं मेली की पथक येतं."

"आन न्हाई मेली तं?"

"तर नाही येत."

तिने चप्पल दुसऱ्या हातात घेतली. मग भावाला म्हणाली, "तात्या, ऐकलं ना बराबर?"

"ऐकलं अक्का," तातेराव म्हणाला.

दोन वाक्यांत तिसरं मावलं असतं. मी नंतर कागदावर मांडूनही बघितलं. सहज मावलं असतं.

त्या दिवसापासून गिरिजाबाई रोज दोनदा यायची. सकाळी आणि ऊन उतरल्यावर. दाराशी उभी राहून एकच विचारायची, "मेले का?" तिच्यामागे अख्खी वस्ती तेच विचारायला लागली. हॉटेलवाला मला चहा देताना विचारायचा, "मेले का?" मी नाही म्हटलं की तो हळहळायचा. उंदीर मरावेत म्हणून इतकी माणसं एकदिलाने झटत आहेत, असं त्या मुलखात धान्याच्या कोठ्यांबाहेर मी तेव्हाच पाहिलं. एक म्हातारा तातेरावाला म्हणाला, "काय रे, तू लई जपून राह्यला म्हनं त्यायला. खडी फोडायचं इसरला का? एक दगड घ्यायचा..." तातेराव त्याच्याशी दोन दिवस बोलला नाही.

पिलांना सुई दिल्याच्या तिसऱ्या रात्री वसंताच्या नाकातून रक्त आलं ते थांबेना. तातेराव रात्रभर दवाखान्यात बसून चौथ्या दिवशी सकाळी कामावर आला. त्याने पंचशील म्हटलं, हात भुश्यात घोळवले आणि डबे उघडले.

"भाऊसाहेब," त्याने हाक मारली. "तांबड्या चिठ्ठीचे कापून राह्यलेत."

मी धावत गेलो. खरंच. तिन्ही तांबड्या डब्यांतली पिलं झोप लागताना दचकावं तशी दचकत होती. माद्या त्यांना ढकलून कोपऱ्यात गेल्या होत्या. डॉक्टरांनी बघितलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला मी आनंद म्हणणार नाही, पण त्या उपकेंद्रात आनंदासारखं दुसरं काही कधी दिसलं नाही. पाचव्या दिवशी सकाळी तांबड्यांतली अकरा मेली होती, बाकीची वाटेवर होती. डॉक्टरांनी मेलेली पिलं स्वतः काढली आणि मला म्हणाले, "मेंदू ठेवायला बर्फ हवा. मी जालन्याहून घेऊन येतो, तीनपर्यंत परत. मग तार करू."

"आत्ताच करू या ना," मी म्हणालो.

"संध्याकाळी करू. निळे आज दिवसभर कसे राहतात ते बघू दे."

निळे मजेत होते. गुबगुबीत, पांढुरकी लव फुटलेली, एकमेकांच्या अंगावर चढून पिलं दूध पीत होती. चोवीसच्या चोवीस. तातेरावाचं इतकं चांगलं काम मी कधी पाहिलं नव्हतं.

दहाच्या सुमाराला गिरिजाबाई आली. "मेले का?"

तातेरावाने उत्तर दिलं. मी आत कागदांत होतो, पण ऐकू येत होतं. "अर्धे मेले अक्का."

"आन अर्धे?"

"अर्धे तं लई ताजे हायती."

"मंग आता?"

डब्याचं झाकण लागल्याचा आवाज आला. ती म्हणाली, "सकाळधरनं त्यो वळखीना मला. मास्तर म्हनून हाक मारली तं डोळे उघडतो. आई म्हनलं तं न्हाई." ती एवढंच बोलून गेली. चप्पल तिच्या हातातच होती.

बाराला मी जेवायला घरी गेलो. रोज जायचो. त्या दिवशीही गेलो. वांग्याची भाजी होती, हेसुद्धा आठवतं.

डॉक्टर तीनला आले, पोत्यात गुंडाळलेली बर्फाची लादी खांद्यावर घेऊन. मीही नुकताच पोचलो होतो. तातेराव ओट्यावर बसला होता. अंघोळ केलेली, केस ओले. भर दुपारी माणूस अंघोळ करत नाही. तो उठून उभा राहिला.

"साहेब, समदे मेले. आता तार करा."

डॉक्टरांनी लादी खाली ठेवली. "तांबडे सगळे?"

"तांबडे बी. निळे बी. एकबी ठेवला न्हाई."

डॉक्टर आत गेले. मागे मी गेलो. निळ्या चिठ्ठीच्या तिन्ही माद्या एका रिकाम्या पिंजऱ्यात नीट ठेवलेल्या होत्या, त्यांना पाणी होतं, भिजवलेले हरभरे होते. त्यांचे तिन्ही डबे मागच्या अंगणात एका पत्र्याशेजारी रिकामे पडले होते. एप्रिलातला जालन्याकडचा पत्रा. त्यावर पिलं एका ओळीत निजवलेली होती. प्रत्येकाखाली थोडा भुसा होता.

डॉक्टरांनी वाकून ती ओळ एका टोकापासून मोजली. मी बोलायला लागलो तर त्यांनी हात वर केला. मग बाहेर येऊन तातेरावासमोर बसले, जमिनीवरच.

"तातेराव, का केलंत हे?"

तातेरावाला तो प्रश्न कळला नाही. तो म्हणाला, "साहेब, माझ्याच्यानं दुसऱ्या रीतीनं न्हाई झालं. म्या हात न्हाई उगारला त्यायच्यावर. फकस्त भायेर ठेवलं. ऊन तं समद्यायसाठीच असतंय. तरी बी पाप माझंच हाय, म्या कबूल हाय. सकाळचं शील म्या आता म्हननार न्हाई, मला त्याचा अधिकार ऱ्हायला न्हाई. पर पोरगं बावीस सालाचं हाय साहेब. मंग म्या म्हनलं जाऊ द्या."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "भाऊसाहेब, तुम्ही यांना सांगितलं होतं ना?"

मी म्हणालो, "सोपं करून सांगितलं होतं."

मग मी तातेरावाला ते तिसरं वाक्य सांगितलं. निळ्यांत नुसतं मिठाचं पाणी होतं. ते जगायला हवे होते. ते जगले असते तरच तांबड्यांचं मरण खरं धरलं गेलं असतं. सगळं मिळून चार ओळींत झालं आणि त्याला लगेच कळलं. माझ्याबद्दल म्हशीचा दाखला देणारे लोक बरोबरच बोलत होते.

त्याने कपाळावरचं पाणी पुसलं. "मंग हे आधी कामून न्हाई सांगितलं, भाऊसाहेब?"

मी बर्फाची लादी सावलीत ओढली. त्याने पुन्हा विचारलं नाही. नंतरच्या आयुष्यातही कधी विचारलं नाही. विचारलंच तर द्यायला मी काहीतरी विनोदी उत्तर तयार ठेवलं होतं.

तार कशी करायची यावर आमची ओट्यावर चर्चा झाली. मी म्हणालो, "निळ्यांचं लिहूच नका. तांबडे मेले एवढं खरं आहे. तेवढंच लिहा." डॉक्टरांनी पंधरा मिनिटं विचार केला. मी त्यांना इतका वेळ खोट्याचा विचार करताना कधी पाहिलं नव्हतं. शेवटी त्यांनी तसंच लिहिलं: रक्त टोचलेली सर्व पिलं मृत, पथक पाठवा. पोस्टमास्तरने तार केली. दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर आलं. एकच ओळ होती: रक्त न टोचलेल्यांचं काय?

पुण्यात बसलेली माणसंही शिकलेलीच होती.

डॉक्टरांनी खरं कळवलं. उत्तर आलं: प्रयोग ग्राह्य नाही, पुन्हा करावा. पुन्हा करायचा तर दोन दिवसांची पिलं हवीत. डॉक्टरांनी त्याच दिवशी माद्यांजवळ नर सोडायला सांगितले. तातेरावानेच सोडले. "किती दिवस लागतात?" गिरिजाबाईने विचारलं.

"एकवीस," मी म्हणालो.

"जल्दी न्हाई होत का?"

मी नाही म्हणालो. हे मात्र सोपं करायची गरज पडली नाही.

मेलेल्या तांबड्या पिलांचे मेंदू डॉक्टरांनी बर्फाच्या थर्मासमध्ये घालून एस.टी.ने पुण्याला धाडले, तिकडच्या पिलांत टोचून बघा म्हणून. या वेळी कंडक्टरने काही उतरवलं नाही. पोचपावती आली तिच्यात लिहिलं होतं की नमुना कोमट अवस्थेत मिळाला, तपासण्यास अयोग्य.

वसंता तापाच्या अकराव्या दिवशी गेला, सकाळी नऊला. शाळा भरायची वेळ. त्याच्या वर्गातली पोरं टेकडीखालून चालत आली होती. दवाखान्याच्या कुंपणाशी रांगेत उभी राहिली, कारण मास्तरांनी त्यांना रांगेतच उभं राहायला शिकवलं होतं. डॉक्टर सेलूकर तिथे होते. त्यांनी दवाखान्यातल्या डॉक्टरांना हात जोडून सांगितलं, निदान 'कारण अज्ञात' तरी लिहा. ते म्हणाले, अज्ञात लिहिलं तर वरून विचारणा होते. आणि त्यांनी 'उष्णता' लिहिलं. या खेपेला महिना तरी बरोबर होता.

मेमध्ये पिलं झाली. पाच माद्यांची एकोणचाळीस. तोपर्यंत टोचायला रक्त नव्हतं. ताप उन्हाळ्यात आपोआप ओसरला, जसा तो दरवर्षी ओसरत असावा. जूनच्या पहिल्या आठवड्यात पत्र आलं. उपकेंद्राच्या कामातून निर्णायक निष्कर्ष न निघाल्याने ते बंद करण्यात येत आहे. पिंजरे झाकणांसह परत करावेत. उरलेले प्राणी नियमाप्रमाणे नष्ट करावेत. मी ते पत्र तातेरावाला वाचून दाखवलं, सगळं, एकही ओळ न गाळता. त्याला वेळ लागला, पण मी गाळलं नाही.

"नष्ट म्हंजी?" तो म्हणाला.

मी सांगितलं.

"मला एकदा जमलं," तो म्हणाला. "आता न्हाई जमायचं." त्याने हात भुश्यात घोळवले, एकेक मादी, एकेक पिल्लू थोपटल्यासारखं करून डब्यात ठेवलं, त्यांना पाणी दिलं आणि तो घरी गेला. परत आला नाही. पुढे तो अंकुशनगरकडे ऊसतोडीला गेल्याचं कळलं. बाकीचं काम डॉक्टरांनी दार लावून घेऊन केलं. बाहेर आले तेव्हा त्यांच्या अंगाला गुंगीच्या औषधाचा वास येत होता. ते म्हणाले, "भाऊसाहेब, तो ताप पुढच्या हिवाळ्यात परत येणार." मी म्हणालो, "हो." आम्ही दोघंही अशा सुरात बोलत होतो, जसं कुणी पाहुण्याबद्दल बोलतं.

दुसऱ्या दिवशी मी एकटाच पिंजरे मोजून पोत्यांत बांधत होतो. झाकणं दोन कमी भरत होती. दाराशी सावली पडली. गिरिजाबाई होती. सवयीने मला वाटलं, आता विचारेल, मेले का.

तिने विचारलं नाही. आत येऊन रिकाम्या फळ्यांकडे बघितलं, मग कोपऱ्यातल्या तसबिरीला हात जोडले. तसबीर तातेराव न्यायला विसरला होता, की त्याने मुद्दाम ठेवली होती, माहीत नाही. मी खुर्ची पुढे केली, ती बसली नाही. एवढे दिवस मी मनात जे तयार केलं होतं ते बोलायची हीच वेळ होती. माझी चूक, ते तिसरं वाक्य, सगळं. मी त्याची दोन वाक्यं केली नव्हती, चांगलं पानभर होतं.

"गिरिजाबाई," मी म्हणालो, "मला तुम्हाला एक सांगायचंय."

"सांगा की. पर आधी माझं ऐकून घ्या, मला परत जायाचंय." तिने चप्पल खाली ठेवली आणि पदराने तोंड पुसलं. "वसंताची पुस्तकाची पेटी घरात ठिवलीय. उंदरं लई माजलेत, भाऊसाहेब. झाकन बसत न्हाई बराबर, कोपऱ्यातनं शिरून दोन पुस्तकं कुरतडलीत. तुमाकडं इतके दिवस उंदराचंच काम चालू व्हतं. त्यायला मारायचं काही औषध ऱ्हायलं असंल, तं पुडीभर द्या."